कोपऱ्यातला खांब

तिसऱ्यांदा दार अडकलं तेव्हा दर्शना रंधा बाजूला ठेवून मटकन खाली बसली.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं ते दार. गेल्या महिन्याभरात तिने ते दोनदा बिजागऱ्यांतून सोडवलं होतं. आडवं टाकून वरची कड तासली होती, पॉलिश पेपर मारला होता आणि पाठीचं काय व्हायचं ते होवो म्हणत एकटीने उचलून परत बसवलं होतं. दोन्ही वेळा दार अलगद लागलं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत ते वरच्या चौकटीला पुन्हा घासायला लागलं. आज तर अर्ध्यातच थांबलं. ना पुढे, ना मागे.

दर्शना सोनकांबळे सत्तेचाळीस वर्षांची होती. अंधेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ती लॅब असिस्टंट होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा निलेश पुण्यात नोकरीला. जोगेश्वरी पूर्वेला नवकिरण सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, एका बेडरूमच्या घरात ती एकटी राहायची. तळमजला आणि वर तीन मजले अशी चाळीस वर्षांपूर्वीची ती बिल्डिंग.

हत्यारं हातात घ्यायची वेळ तिच्यावर एका भोकामुळे आली. दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलसाठी तिने बाबासाहेबांची मोठी तसबीर करून आणली होती. भिंतीला एक भोक पाडायचं, बस. सुतार तीन आठवडे 'उद्या येतो' म्हणत राहिला. शेवटी तेरा तारखेला तिने कॉलेजच्या वर्कशॉपमधून ड्रिल मशीन मागून आणलं, स्टुलावर चढली आणि डोळे बारीक करून बटण दाबलं. केसांत सिमेंटची भुकटी, हातांना झिणझिण्या, पण भोक सरळ पडलं होतं. प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, तसबीर लागली. तिला त्या दिवशी जे वाटलं ते ती कुणाला सांगू शकली नाही.

मग तिने स्वतःचं मशीन घेतलं. गळके नळ, कपाटातल्या फळ्या, हॉलचा रंग, असं एकेक करत ती गेल्या दिवाळीत ओट्यावरच्या टाइल्सपर्यंत पोचली. निळसर टाइल्स, खालपासून वरपर्यंत. सगळ्यात छळलं होतं ते कोपऱ्यातल्या खांबाने. तिच्या स्वयंपाकघरात बिल्डिंगचा एक खांब वीतभर बाहेर आलेला होता. त्याच्या दोन कडांना टाइल्स कापून जुळवताना तिच्या पाच टाइल्स फुटल्या होत्या. तो खांब तिला तळहातासारखा पाठ झाला होता.

बिल्डिंगमध्ये तिला पाठीमागे 'ड्रिलवाली' म्हणायचे. ते तिच्या कानावर होतं आणि तिला ते आवडायचंही.

पण फेब्रुवारी लागला आणि सगळं बिघडायला लागलं. आधी दार. मग दाराच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी जाणारी एक बारीक चीर. तिने ती खरवडून पुट्टी भरली, वर रंग मारला. चीर परत आली. मग खांबाच्या बाजूच्या दोन टाइल्स फुगल्या आणि एका सकाळी खाली पडून फुटल्या. तिने हार्डवेअरच्या दुकानातल्या फरशीवाल्याला बोलावलं. तो टाइल्सकडे बघून हसला. "मॅडम, शौक अच्छा है आपका. लेकिन ये काम हाथ का होता है."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

जिन्यात सेक्रेटरी भाऊराव भेटले. भाऊराव घाडीगावकर तिच्या बरोब्बर खाली, पहिल्या मजल्यावर राहायचे. एकेकाळी गिरणीत होते, आता सत्तरीला टेकले होते. एकोणीस वर्षं सोसायटीचं काम बघत होते. दर्शनाचा नवरा हॉस्पिटलात होता तेव्हा अकरा दिवस हा माणूस तिच्यासोबत बाकड्यावर बसला होता. ती त्यांना भाऊकाका म्हणायची.

"काका, भिंतीला चीर येतेय हो. भरली तरी परत येते."

"खुळी काय गो तू?" भाऊराव हसले. "रोज भिंतीत मशीन घुसवतस आणि वर भिंतच वाईट? चाळीस वर्षं उभी आहे बिल्डिंग. चांगला मिस्त्री बघ. आमच्या आकाशचा कॉन्ट्रॅक्टर आहे, सांगू काय त्याला?"

आकाश त्यांचा मुलगा. मे महिन्यात त्याचं लग्न होतं. भाऊरावांची बायको शेवंती आमंत्रणं करायला गावी गेली होती आणि इथे घराचं काम जानेवारीपासून चालू होतं. फरशी, रंग, नवं किचन. रोज ठोकाठोकी. दर्शनाने कधी तक्रार केली नव्हती. कुठल्या तोंडाने करणार? ती स्वतःच शनिवार-रविवार घर्रघर्र लावून बसायची.

"नको," ती म्हणाली. "मीच बघते."

त्या रात्री ती चिरेकडे बघत पडून राहिली आणि तिला एक सुचलं. बावीस वर्षं लॅबमध्ये ती मुलांना सांगत आली होती, की डोळ्यांना वाटतं त्यावर जाऊ नका, मोजा. मग आपण काय करतोय? आपलं काम वाईट आहे की नाही, हे नुसतं वाटण्यावर कसं ठरणार?

सोमवारी तिने कॉलेजातून काचेच्या पातळ पट्ट्या आणल्या. मायक्रोस्कोपखाली ठेवतात तशा. चिरेवर आडवी एक पट्टी, दोन्ही टोकं घट्ट चिकटवून टाकलेली. भिंत जागच्या जागी असेल तर पट्टीला काही होणार नाही. पट्टीवर मार्करने तिने तारीख टाकली.

बुधवारी सकाळी पट्टीचे दोन तुकडे झालेले होते. मधोमध, सरळ.

पहिल्यांदा तिला वाटलं, चिकटवताना आपणच जोरात दाबली असणार. तिने दुसरी लावली, हलक्या हाताने. शेजारी चीर नसलेल्या भिंतीवरही तशीच एक लावली, तुलनेला. गुरुवारी तिने रजा टाकली होती. दहाच्या सुमारास ती ओट्यापाशी चहा गाळत होती आणि मागे 'टच' असा आवाज झाला.

ती वळली. चिरेवरची काच तुटली होती. शेजारची जशीच्या तशी होती.

तिच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. कुणी काही केलं नव्हतं. दार हललं नव्हतं, खाली आज ठोकाठोकी नव्हती. ती स्वतः चार फुटांवर उभी होती आणि भिंत आपल्या आपण सरकली होती. म्हणजे दार तिने नीटच तासलं होतं. पुट्टी नीटच भरली होती. टाइल्स नीटच बसवल्या होत्या. तिला आधी हसू आलं. मग, ज्या फरशीवर ती उभी होती तीसुद्धा याच भिंतीला धरून आहे हे लक्षात आलं आणि ती ओट्यापासून मागे सरकली.

तिने अनिरुद्धला फोन लावला. अनिरुद्ध सावे तिच्या लॅबचा जुना विद्यार्थी, आता घाटकोपरला स्ट्रक्चरल इंजिनीअर होता. दर शिक्षकदिनाला तिला मेसेज करायचा.

तिने सांगितलेलं त्याने मध्ये न बोलता ऐकलं.

"मॅडम, किती दिवसांत तुटली काच?"

"पहिली दीड दिवसात. दुसरी एका दिवसात."

"खालच्या घरात काही तोडफोड चालू आहे का?"

"आहे. किचन बदलतायत. जानेवारीपासून."

तो घाईने म्हणाला, "खाली जाऊन बघा. तुमच्या किचनमध्ये जिथे खांब आहे, तिथेच खाली. खांब दिसतो का तेवढं बघा. मी निघालोच."

ती चपला न घालताच एक मजला उतरली. एप्रनच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता, नेहमी असायचा तसा.

भाऊराव एकटेच होते. "ये गो, किचन बघ आमचं. काल संपलं एकदाचं."

किचन सुंदर झालं होतं. पांढरी कपाटं, काळा ओटा, आणि कोपऱ्यात दोन दारांचा उंच फ्रिज, भिंतीत मापून बसवल्यासारखा. दर्शना त्या फ्रिजकडे बघत उभी राहिली. ती रोज ज्या कोपऱ्यात उभी राहायची, तोच हा कोपरा. ओटा तिथेच, खिडकी तिथेच.

"काका, इथला खांब कुठे गेला?"

"खांब?"

"माझ्याकडे या कोपऱ्यात खांब आहे. एवढा बाहेर आलेला." तिने वीत पसरून दाखवली. "तुमच्याकडेही होता. गणपतीला मी इथेच बसून मोदक वळलेत, पाठ त्यालाच टेकून."

"असेल ना मागे. प्लायवूडच्या मागे गेला असेल."

"मागे कसा जाईल, काका? भिंत तर सपाट आहे."

भाऊराव हसायला गेले आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. दोघांनी मिळून फ्रिज पुढे ओढला. मागे पांढऱ्या लॅमिनेटची फळी होती, सहा स्क्रूंनी बसवलेली. दर्शनाने एकेक स्क्रू काढला. शेवटचा निघायच्या आधीच फळी आपोआप पुढे आली, जणू आतून कुणी ढकलत होतं.

आत खांब अर्धाच होता.

बाहेरची बाजू छिन्नीने फोडून काढलेली होती, कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. पुढच्या सळ्या कापलेल्या. त्यांची टोकं नव्या नाण्यासारखी चकाकत होती. मागे ज्या दोन सळ्या उरल्या होत्या त्या बाहेरच्या अंगाला वाकल्या होत्या आणि त्यांच्याभोवतीचं सिमेंट पापुद्र्यांनी सुटत होतं. ते दोघं बघत असतानाच सुपारीएवढा एक तुकडा निसटला आणि दर्शनाच्या पायापाशी पडला.

"ह्यां काय केल्यानी..." भाऊराव पुटपुटले. "ह्यां काय केल्यानी रे बाबा..."

दर्शनाला त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. या खांबावर तिचं घर होतं. त्याच्यावर तिसरा मजला, त्याच्यावर गच्ची आणि पाण्याची टाकी. तिने दोन महिने याच्या डोक्यावर उभं राहून पोळ्या लाटल्या होत्या. आणि मग तिला खालचं आठवलं.

"काका," ती म्हणाली. "खाली अबोलीची मुलं आहेत."

तळमजल्यावर बालवाडी होती. अबोली नावाची तरुण बाई ती चालवायची. बावीस मुलं, तीन-चार वर्षांची, बारा वाजता सुटणारी. आता सव्वादहा झाले होते.

जिना ती कशी उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. बालवाडीत मुलं गोल करून बसली होती, मध्ये अबोली भोपळ्याचं चित्र धरून. आपण ओरडलो तर मुलं घाबरून टेबलाखाली शिरतील, एवढं मात्र त्या क्षणीही तिला सुचलं.

"अबोली, मुलांना सहलीला काढ," ती जमेल तितक्या शांतपणे म्हणाली. "समोर व्यायामशाळेच्या अंगणात. आत्ता."

"सहल? ताई, अहो आज तर..."

दर्शनाने तिच्या डोळ्यांत बघितलं. अबोलीने चित्र खाली ठेवलं. "चला रे, आगगाडी करा! पुढच्याचा सदरा धरा!" दाराशी सवयीने ती एकेकाला चप्पल घालायला वाकली.

"चपला राहू दे."

बावीस मुलं अनवाणी रस्ता ओलांडून गेली. दारापाशी तेवढ्या चपलांची रांग तशीच राहिली. दर्शनाने अंगणात मुलं मोजली, पुन्हा मोजली, आणि मग माघारी पळाली.

भाऊराव तोवर वरच्या मजल्यांच्या घंटा वाजवत फिरत होते. "बाहेर चला, सामान नको, नुसते चला," एवढंच ते म्हणत होते. का, ते सांगत नव्हते. कुणी गॅस बंद करून निघालं, कुणी नुसतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या सोनूबाई ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले. त्यांना कसं न्यायचं या विचारात दर्शना असतानाच आकाश मोटरसायकल टाकून धावत आला. भाऊरावांनीच त्याला ऑफिसात फोन केला होता. तीन मजले चढला आणि सोनूबाईंना पाठुंगळी घेऊन उतरला. चेहरा पांढराफटक झाला होता. दर्शनाने त्याला बघितलं आणि तिला कळलं, की याला माहीत होतं. फ्रिज बसावा म्हणून काय कापलं गेलं, ते याला माहीत होतं.

अकराच्या सुमारास अनिरुद्ध पोचला. हेल्मेट घालून, टॉर्च घेऊन आत गेला आणि तीन मिनिटांत परत आला.

"मॅडम, सगळे बाहेर आहेत ना? सगळे?"

"सोळा घरं मोजली."

"आता कुणीही आत जायचं नाही. देवाचं, दागिन्यांचं, कशाहीसाठी नाही." एवढं सांगून तो फायर ब्रिगेडला आणि टेकू लावणाऱ्या माणसांना फोन करायला रस्त्याच्या कडेला गेला.

अंगणात माणसं गोळा झाली होती. काय झालंय ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. भिंत सरकलीय, एवढीच कुजबुज होती. दर्शनाच्या समोरच्या घरातली वनमाला पुढे आली.

"मी सांगत नव्हते? रोज आपलं घर्रघर्र, ठाकठूक! किती भोकं पाडलीस गं भिंतीला? आता लागली ना वाट सगळ्यांची?"

दर्शनाला आधी कळलंच नाही, की हे आपल्याला म्हणतेय.

"वनमाला, माझ्यामुळे नाही. खाली खांब कापलाय."

"खाली कुठे?"

"भाऊकाकांच्या किचनमध्ये."

"अगं, काय बोलतेस! सेक्रेटरी आहेत ते. त्यांच्यावर ढकलतेस?"

अजून दोघं-तिघं बोलायला लागले. एवढ्या वर्षांची बिल्डिंग, कधी काही झालं नाही. हिने मशीन आणल्यापासूनच. बायकांनी कशाला ही नसती कामं करायची. दर्शनाने भाऊरावांकडे बघितलं. ते दोन पावलांवर उभे होते. फळी तिच्याबरोबर त्यांनीच धरली होती. सिमेंटची भुकटी अजून त्यांच्या सदऱ्यावर होती.

"काका, सांगा ना यांना."

भाऊराव आपल्या पायांकडे बघत राहिले. शेजारी आकाश उभा होता.

"काका?"

काच तुटली तेव्हा तिला धक्का बसला होता, खांब दिसला तेव्हा बसला होता. पण हे तिला झेपेना. हॉस्पिटलच्या बाकड्यावर अकरा दिवस बसलेला माणूस तिच्यासमोर उभा होता आणि तोंड उघडत नव्हता. तिचे कान बधिर झाले. वनमाला काहीतरी बोलत होती, तिचे ओठ नुसते हलताना दिसत होते.

आणि तेव्हाच तो आवाज झाला.

भरलेलं पोतं उंचावरून आपटावं तसा, जड आणि बसका. जमीन पायाखाली थरथरली. लगेच काचा फुटल्याचा आवाज आला, मग भांडी गडगडत गेल्याचा. दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून करडी धूळ बाहेर फुगत आली. अंगणातली मुलं एकदम रडायला लागली.

खिडकीची चौकट तिरकी झालेली खालूनही दिसत होती. तिथे दर्शनाचा ओटा होता. तासाभरापूर्वी ती तिथे चहा गाळत होती.

अनिरुद्ध पळत आला. "मागे व्हा! सगळे मागे!"

सगळे मागे सरले. भाऊराव सरले नाहीत. ते वळले, लोकांकडे तोंड केलं आणि व्यायामशाळेच्या पायरीवर चढले.

"खांब माझ्या घरात कापलाय," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझ्या झिलानं, आकाशनं कापून घेतला, फ्रिजसाठी. परवानगीच्या कागदावर सही माझी आहे. मी वाचलं, फरशी आणि रंग. बघायला गेलो नाय. घर माझंच होतं, रोज तिथे निजत होतो, तरी बघितलं नाय." त्यांनी दर्शनाकडे हात केला. "हिनं काय केलेलं नाय. हिनं बघितलं म्हणून आपण हय आहोत."

आकाश जागच्या जागी खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

वनमाला दर्शनाच्या जवळ आली. आणि तिचा दंड धरून उभी राहिली.

दुपारपर्यंत फायर ब्रिगेडचे लोक आले, मग महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले. संध्याकाळी लोखंडी टेकू लागले आणि बिल्डिंग होती तिथे धरली गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. सोळा कुटुंबं जिथे जागा मिळेल तिथे पांगली. दर्शना बोरीवलीला माधुरीकडे गेली. माधुरी तिच्याच कॉलेजात ग्रंथपाल होती.

तीन दिवस ती अगदी ठीक होती. कॉलेजला गेली, फॉर्म भरले, निलेशला "अरे, मी धडधाकट आहे, तू येऊ नकोस" असं चारदा सांगितलं. चौथ्या दिवशी माधुरीच्या घरी कुणीतरी कुकरचं झाकण ओट्यावर जरा जोरात ठेवलं आणि दर्शना उभ्या जागी थरथर कापायला लागली. दात वाजायला लागले. माधुरीने तिला गोधडीत गुंडाळून पलंगावर बसवलं.

"बावीस मुलं होती गं खाली," ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "मी दार तासत बसले होते. महिनाभर दार तासत बसले होते."

"तू तासलंस म्हणून तर कळलं ना."

"मला वाटत होतं मला येत नाही. माझंच चुकतंय म्हणून मी कुणाला बोलले नाही. अजून दोन दिवस तसंच वाटलं असतं तर?"

माधुरी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पोलिसांत तक्रार झाली. कॉन्ट्रॅक्टरला धरलं आणि आकाशचंही नाव त्यात लागलं. लग्न पुढे ढकललं. मुलीकडच्यांनी मोडलं नाही, एवढं नशीब. भाऊरावांनी सेक्रेटरीपद सोडलं. खांब नव्याने बांधायला, त्याच्याभोवती सिमेंटचं जाड कवच चढवायला आणि वरचा मजला इंच इंच उचलून घ्यायला पाच महिने लागले. अनिरुद्ध प्रत्येक आठवड्याला यायचा. दर्शनाही जायची, हेल्मेट घालून खाली उभी राहायची आणि त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. प्रत्येक खोलीत काचेच्या पट्ट्या लावा, असं त्याने सोसायटीला सांगितलं तेव्हा त्या दर्शनानेच लावल्या.

गणपतीच्या आधी सगळे घरी परतले.

दर्शनाच्या स्वयंपाकघरात काही उरलं नव्हतं. फरशी नवी घातली होती, भिंतींना नुसतं कच्चं प्लास्टर. निलेश म्हणाला, "आई, आता तरी मिस्त्री लाव." तिने बघू म्हटलं. पहिले पंधरा दिवस तिने ड्रिलची पेटी उघडलीच नाही. मग एका रविवारी सकाळी तिने ओळंबा सोडून खांबाची कड तपासली, पेन्सिलने रेघ मारली आणि खालची पहिली टाइल बसवली.

दुपारी दार वाजलं. भाऊराव होते. परतल्यापासून ते वर आले नव्हते. जिन्यात भेटले तर भिंतीला चिकटून बाजूला व्हायचे. आता आत येऊन ते दाराशीच खुर्चीवर टेकले. ती काम करत राहिली. तीन-चार टाइल्स झाल्या.

"दर्शना," शेवटी ते म्हणाले, "त्या दिवशी अंगणात तू माका हाक मारलीस. दोनदा."

तिने हातातली थापी खाली ठेवली.

"मी गप ऱ्हवलंय. पोर डोळ्यासमोर होता. माका वाटला, थोडा वेळ गप ऱ्हवलंय तर काय होता?" त्यांनी नव्या खांबाकडे बघितलं. "तो आवाज झालो नसतो तर मी बोललंय असतंय काय गो? रोज इचारतंय माका. उत्तर येणा नाय."

दर्शना त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस खूप म्हातारा झाला होता. काहीतरी समजूत घालावी, 'बोलला असता हो काका' म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिला माहीत नव्हतं आणि जे माहीत नाही ते तिला बोलता येईना.

"मलाही कळत नाही, काका," ती म्हणाली. "मीही विचारते."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले. तिने 'बसा' म्हटलं नाही. ते कठड्याला धरून सावकाश जिना उतरायला लागले आणि चार पायऱ्यांवर थांबले.

"उद्या येऊ काय गो?"

दर्शना दारात उभी होती. हाताला सिमेंट लागलेलं. तिने हात एप्रनला पुसला.

"या," ती म्हणाली.